नकाशा लोड होत नाहीये

रविवारी रात्री नऊ चाळीसला ग्रुपवर मेसेज आला, ‘नकाशा लोड होत नाहीये. तुम्ही खेळा.’ मी त्यावर अंगठा टाकला आणि आम्ही खेळलो. पुढच्या रविवारी ‘नेट गंडलंय’. त्याच्या पुढच्या रविवारी ‘रूमवर पाहुणे आलेत’. चौथ्या रविवारी मेसेजच नाही, आणि खरं सांगायचं तर मी तो शोधलाही नाही, कारण त्या रात्री मी भुयाराच्या भिंतींना सावल्या लावण्यात गुंतलो होतो. त्या अंगठ्याची मला अजून लाज वाटते. हा लेख त्या लाजेतून आलाय, त्यामुळे तो समतोल वगैरे असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

माझं म्हणणं असं आहे : टेबलटॉप रोलप्लेइंग गेम ऑनलाइन चालवायला नव्याने सुरुवात करणाऱ्याने निदान पहिले सहा महिने व्हर्च्युअल टेबलटॉपला हात लावू नये. रोल-ट्वेंटी नको, फाउंड्री नको, फँटसी ग्राउंड्स नको. एक व्हॉइस कॉल, सगळ्यांना उघडता येईल असा एक डॉक्युमेंट आणि फासे, बास. आणि हे मी ‘आमच्या वेळी कागद-पेन्सिल होती’ अशा काकांच्या सुरात म्हणत नाहीये. मी हा खेळ शिकलोच मुळी ऑनलाइन. पहिला वीस बाजूंचा फासा हातात घ्यायच्या आधी मी स्क्रीनवर शेकडो वेळा टाकला होता.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण बसतात. एक जण जग सांगतो, त्याला गेम मास्टर म्हणजे जीएम म्हणतात. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात आणि आपण काय करतो ते बोलून सांगतात. जिथे काय होईल याची खात्री नाही तिथे फासा. एक गोष्ट महिनोन् महिने, आठवड्याला एक बैठक अशी चालते, तिला कॅम्पेन म्हणतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली छापून आला तिथून हा प्रकार या नावाने सुरू झाला. पण मुळं त्याच्या खूप मागे जातात. १८२४ मध्ये प्रशियात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने सैन्यासाठी ‘क्रीग्सश्पील’ हा युद्धाचा खेळ बसवला. त्यात दोन्ही बाजू आपापले हुकूम पंचाकडे लिहून देत आणि तुमच्या सैन्याला जेवढं दिसेल तेवढंच पंच तुम्हाला सांगत असे. म्हणजे आज व्हर्च्युअल टेबलटॉप ज्या ‘फॉग ऑफ वॉर’ची जाहिरात करतात, ते काम दोनशे वर्षांपूर्वी एक माणूस तोंडाने करत होता.

आणि आपल्याकडे? कोकणातला दशावतार बघा. लिखित संहिता नसते. प्रयोगाआधी कथानक ठरतं, कोण कुठलं पात्र ते ठरतं, आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. समोरच्याने काय टाकलं त्यावर आपलं उत्तर. दशावतार म्हणजे रोलप्लेइंग गेम असा दावा मी करत नाही, असले दावे व्हॉट्सअ‍ॅपवर शोभतात. पण कमीत कमी सामानात चार माणसं मिळून एक जग कसं उभं करतात याचं उदाहरण अमेरिकेत शोधायला नको, एवढंच.

आता मी काय केलं ते सांगतो.

आमचं कॅम्पेन नाणेघाटात घडतं. सातवाहनांचा काळ, कोकणातून जुन्नरकडे चढणारे तांडे, आणि घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण, ज्यात जकात टाकत असं सांगतात. आमच्या गोष्टीत एका सकाळी तो रांजण उपडा केला तर त्यातून नाण्यांऐवजी दात पडतात. पहिल्या तीन बैठका नुसत्या कॉलवर झाल्या आणि त्या इतक्या रंगल्या की मला वाटलं, आता हे ‘नीट’ करायला हवं. हा ‘नीट’ शब्द फार घातक आहे.

नीट कसं करायचं याचे सल्ले हवे तेवढे मिळतात आणि सगळे एकाच साच्यातले असतात. आधी कुठलं टेबल घ्यायचं ते ठरवा. मग नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर. मग टोकन बनवायचं. मग पार्श्वसंगीताचं. मग जगाच्या नोंदी ठेवायला विकी. मग पात्रं बनवायला अ‍ॅप. मग हे सगळं एकमेकांशी बोलावं म्हणून मॉड्यूल्स. प्रत्येक सल्ला एकेकटा घेतला तर चुकीचा नसतो. पण या यादीच्या शेवटापर्यंत गेलेला माणूस जीएम राहत नाही, तो सिस्टीम अ‍ॅडमिन होतो. मी झालो. दोन आठवडे रोज रात्री नकाशाच्या चौकोनांवर ग्रिडचे चौकोन बसवत होतो. ते कधीच बरोबर बसत नाहीत, डाव्या कोपऱ्यात जुळले तर उजव्या कोपऱ्यात अर्धा चौकोन सरकतात. मग प्रत्येक भिंतीवर एकेक रेघ ओढायची, म्हणजे पात्राला भिंतीपलीकडचं दिसणार नाही. दार असेल तर वेगळी रेघ, खिडकी असेल तर वेगळी. मशालीला किती फूट उजेड, किती फूट अंधूक उजेड. हे सगळं माझ्या लॅपटॉपवरून मित्रांना दिसावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडायला गेलो, तेव्हा कळलं की आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनना स्वतःचा पब्लिक आयपी पत्ताच नसतो. एकाच पत्त्यामागे अनेक घरं बसवलेली असतात. मग त्यावर टनेल. टनेल अधूनमधून तुटायचं. दोन आठवड्यांत मी गोष्टीचं एक वाक्य लिहिलं नव्हतं.

चौथी बैठक दिसायला देखणी होती. पाचजणांपैकी तिघांनी ‘वाऽऽ’ म्हटलं. आणि मग शांतता. पहिल्या तीन बैठकांत लोक विचारत होते, ‘भिंत कसली आहे? ओली आहे का? वास कसला येतोय?’ आता कुणी काही विचारेना. टोकन ओढायचं, थांबायचं, पुढे काय दिसतं बघायचं. एकीला लपायचं होतं. तिने नकाशात शोधलं आणि म्हणाली, ‘लपायला काही नाहीये इथे.’ गेल्या बैठकीत हीच बाई तांड्यातल्या बैलाच्या झुलीखाली लपली होती. तो बैलही तिनेच निर्माण केला होता, ‘इथे बैल असतीलच ना?’ असं विचारून. आता चित्रात बैल नव्हता, म्हणून जगात बैल नव्हता. सांगितलेल्या जागेत ऐकणारा स्वतःची भर घालतो. काढून दिलेल्या जागेत तो फक्त शोधतो. मी दोन आठवडे खपून माझ्या खेळाडूंचा बैल काढून घेतला होता.

तरीही मी हे चालवून घेतलं असतं. सवय होईल, म्हणालो असतो. पण भैरूचं काय झालं ते मला तीन महिन्यांनी कळलं.

भैरू हे त्याचं खेळातलं नाव. त्याचं पात्र कासाराचं, भांडी विकत तांड्याबरोबर फिरणारं आणि प्रत्येक गोष्टीचा भाव करणारं. वेताळाशीसुद्धा त्याने भाव केला होता. आमच्यातला सगळ्यात चांगला खेळाडू तोच. तो परभणीला हॉस्टेलवर राहायचा आणि त्याच्याकडे लॅपटॉप नव्हता. हे आम्हाला माहीत होतं का? होतं आणि नव्हतं. आम्ही कधी विचारलं नव्हतं आणि त्याने कधी सांगितलं नव्हतं. पहिल्या तीन बैठकांत त्याची गरजच पडली नाही, कारण कॉलवर आवाज आवाजासारखाच असतो. लॅपटॉपवाला कोण आणि तडा गेलेल्या काचेचा फोनवाला कोण, ते ऐकून कळत नाही.

चौथ्या बैठकीला त्याने ब्राउझरमध्ये लिंक उघडली. नकाशाची फाइल अठरा एमबीची. फोन तापला, पान पांढरं झालं, पुन्हा उघडलं, पुन्हा पांढरं. एकदा नकाशा आला तेव्हा कॉल कट झाला. पुढच्या खेपेला नकाशा दिसला, पण टोकन हलेना, कारण त्यासाठी राइट-क्लिक लागत होतं आणि अंगठ्याला राइट-क्लिक नसतं. दिवसाचा डेटा संपला. मग तो मेसेज आला. मग नेट, मग पाहुणे. हे त्याने मला एका लग्नात, पंगतीत बसून, हसत सांगितलं. ‘तू एवढी मेहनत घेतली होतीस,’ म्हणाला, ‘मी कुठे मध्ये बोलू की माझ्या फोनवर चालत नाही.’

कुठलं सॉफ्टवेअर होतं ते सांगत नाही. दोष त्याचा नव्हताच. ते लॅपटॉपसाठी बनवलं होतं आणि तसं म्हणतही होतं. पाच जणांत एक जण फोनवर आहे हे न विचारता ते टेबल मांडणारा मी होतो.

इथे मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण हा एका भैरूचा प्रश्न नाही. तुम्ही हे आत्ता फोनवर वाचताय. आपल्यातल्या बहुतेकांचं इंटरनेट फोनमधूनच सुरू झालं आणि खूप जणांचं तिथेच आहे. व्हर्च्युअल टेबलटॉप मात्र असं धरून चालतात की प्रत्येकासमोर मोठी स्क्रीन आहे, हातात माउस आहे, वर हेडफोन आहे आणि दार लावून बसायला स्वतंत्र खोली आहे. काहींची फोनसाठी अ‍ॅप्स आहेत, त्यात पात्राचं पत्रक दिसतं, फासा पडतो. पण म्हणजे चौघे मांडीवर जग घेऊन बसलेत आणि पाचवा खिडकीतून बघतोय. आपण मंडळी पंगतीत एकाला पत्रावळ आणि दुसऱ्याला चांदीचं ताट वाढलं तर लगेच बोलू. इथे तेच करतो आणि त्याला सेटअप म्हणतो.

यावर नेहमीचं उत्तर येतं : साधं टेबल वापर ना. आऊलबेअर रोडिओसारखं, एक नकाशा, चार टोकन, संपलं. मान्य, आणि ज्यांना नकाशाशिवाय करमतच नाही त्यांनी निदान तिथून सुरुवात करावी. दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. काही खेळ खरोखरच डावपेचांचे असतात, कोण कुठे उभं आहे यावर जीव अवलंबून असतो, आणि सहा राक्षसांचा हिशेब तोंडी ठेवला तर जीएमचा मेंदू वितळतो. काहींना ऐकायला त्रास होतो, काहींना आकडेमोड डोक्यात जमत नाही, त्यांना स्क्रीनवरचं मोठं अक्षर आणि आपोआप होणारी बेरीज हा खरा आधार असतो. अशा माणसासाठी टेबल आणलं तर मी टाळ्या वाजवीन. माझा मुद्दा एवढाच की ते कुणासाठी आणलं याचं उत्तर देता आलं पाहिजे. मी आणलं ते माझ्यासाठी. मला तीन ‘वाऽऽ’ हवे होते.

आता पैशाचं आणि मालकीचं. हे नवशिक्याला कुणी सांगत नाही.

‘डी अँड डी’ची मालकी विझर्ड्स ऑफ द कोस्टकडे आणि विझर्ड्सची हॅस्ब्रोकडे. डी अँड डी बियॉन्ड हे नियम आणि पात्रं ठेवायचं संकेतस्थळ हॅस्ब्रोने २०२२ मध्ये चौदा कोटी डॉलरहून जास्त मोजून विकत घेतलं. जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्या नव्या परवान्याचा मसुदा फुटला. ज्या जुन्या खुल्या परवान्यावर वीसेक वर्षं इतरांनी आपापले खेळ उभे केले होते, तोच मागे घ्यायचा बेत त्यात होता. लोकांनी धडाधड सदस्यत्वं रद्द केली. मग सारवासारव म्हणून दुसरा मसुदा आला, आणि त्यासोबत व्हर्च्युअल टेबलटॉपसाठी एक धोरण. त्यात म्हटलं होतं की दुसऱ्यांच्या टेबलावर जादूच्या बाणाचं अ‍ॅनिमेशन दाखवलं तर ते चालणार नाही, कारण ती टेबलावरची कल्पनाशक्ती राहत नाही. गंमत अशी की त्याच वेळी कंपनी स्वतःचं चकचकीत थ्रीडी टेबल बनवत होती. ते ‘सिजिल’ नावाने फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं आणि मार्चमध्ये त्या चमूतल्या बहुतेकांना घरी पाठवलं गेलं.

मधल्या काळात, ऑगस्ट २०२४ मध्ये, आणखी एक प्रकार. नवे नियम येणार म्हणून डी अँड डी बियॉन्डवरच्या लोकांच्या पात्रपत्रकांतले जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू नव्यांनी बदलल्या जातील असं जाहीर झालं. म्हणजे तुम्ही पैसे देऊन घेतलेलं, अर्ध्या कॅम्पेनमध्ये वापरात असलेलं, एका सकाळी वेगळं झालेलं असणार. ओरडा झाला, काही दिवसांत निर्णय मागे घेतला. मागे घेतला हे चांगलंच. पण तुमच्या पात्राचं वर्णन दुसऱ्याच्या कपाटात असलं की कुलूप बदलायचं की नाही हे तो ठरवतो, एवढं तरी त्यातून कळावं. फाउंड्रीचं मला कौतुक आहे ते इथे : एकदाच पैसे, फक्त जीएमने द्यायचे, आणि सगळं तुमच्याच मशीनवर. सहा महिन्यांनी टेबल हवंच असलं तर मी तिकडेच बोट दाखवीन, पण आधी पाचही फोन चाचपून.

या भांडणातून एक गोष्ट मात्र आपल्या पदरात पडली आणि तिच्याकडे मराठीत फारसं कुणाचं लक्ष नाही. २७ जानेवारी २०२३ ला कंपनीने माघार घेतली तेव्हा खेळाच्या मूळ नियमांचा दस्तऐवज, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्यावर टाकून दिला. २०२५ मध्ये नव्या नियमांचाही, ५.२, तसाच आला. अर्थ असा की श्रेय देऊन कुणीही त्याचं मराठी करू शकतं, छापू शकतं, विकूसुद्धा शकतं. परवानगी मागायची नाही, आणि दिलेली परवानगी परत घेता येत नाही. मी ज्या दोन आठवड्यांत भिंतींना रेघा ओढत बसलो, त्यात लढाईचं प्रकरण तरी मराठीत झालं असतं. ‘सेव्हिंग थ्रो’ला काय म्हणायचं यावर आमच्यात अजून वाद आहे. ‘निभाव’ हा माझा शब्द, बाकीचे हसतात.

मग सुरुवात कशी करायची? मी आता जे करतो ते सांगतो, नियम म्हणून नाही.

पहिल्या बैठकीआधी प्रत्येकाला वेगळा मेसेज करून विचारतो : कशावरून खेळणार, डेटा किती असतो, घरात मोठ्याने बोलता येतं का. ग्रुपवर विचारत नाही, ग्रुपवर कुणी खरं सांगत नाही. मग सगळ्यात लहान स्क्रीन ज्याची, त्याच्या फोनवर जे चालेल तेच सगळ्यांसाठी. कॉल बिनव्हिडिओचा. पात्राचं पत्रक म्हणजे एक लांब मेसेज, मराठीत टाइप केलेला, ग्रुपवर पिन केलेला. बदल झाला की नवा मेसेज, जुना तसाच राहतो, त्यामुळे भैरूचे पैसे कधी, कुठे गेले हे मागे जाऊन बघता येतं. फासे ज्याच्याकडे खरे आहेत त्याने खरे टाकावेत, नसतील त्याने फोनवर. खोटं सांगेल का? सांगू दे. जो माणूस मित्रांसोबतच्या खेळात फाशाचा आकडा खोटा सांगतो त्याची अडचण सॉफ्टवेअर सोडवणार नाही.

लढाईत चौकोन मोजत नाही, जागा सांगतो : रांजणाजवळ, पायऱ्यांवर, लेण्याच्या आत. एका जागेतून शेजारच्या जागेत जायला एक पाळी. एवढ्याने आमच्या बहुतेक लढाया निघतात. माझ्या नोंदी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, प्रत्येक बैठकीची एक, वर तारीख, खाली कोण मेलं आणि कुणाला काय कबूल केलं. या फाइल्स दहा वर्षांनीही उघडतील. त्या दोन आठवड्यांतला भिंतींचा नकाशा मात्र आज मलाच उघडत नाही, मॉड्यूल जुनं झालंय म्हणे.

लग्नाहून परतल्यावर मी तो सर्व्हर बंद केला. भैरू परत येईल असं वाटलं नव्हतं, त्याचं शेवटचं वर्ष होतं. पण एका रविवारी तो हॉस्टेलच्या गच्चीवरून जॉइन झाला, मागे कुणाची तरी मोटर चालू होती. त्या बैठकीत सगळे रांजणापाशी अडले, कोण कुठे उभं आहे याचा घोळ झाला, आणि मी शब्द शोधत असताना ग्रुपवर एक फोटो आला. प्रॅक्टिकलच्या जर्नलचं मागचं पान, निळं पेन, मध्ये रांजण म्हणून एक गोल, बाजूला पायऱ्या आणि पाच फुल्या. एका कोपऱ्यात, कुणी न सांगता, बैल काढला होता. तो आता आमचा नकाशा आहे, दोनशे दहा केबीचा.

परवाच्या बैठकीत भैरूने दातांचा भाव करता करता रांजणात उडी मारली. निभाव टाकला, तीन पडले. त्याला आत काय दिसलं ते मला रविवारी साडेनऊपर्यंत ठरवायचंय.